जामखेडला नेलेले स्टँड

कर्जतला राशीन रस्त्यावर कानिफनाथ भापकरचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या, असली कामं तो करतो. एके सकाळी जामखेडच्या एका शिक्षणसंस्थेचे ढवळे सर गाडीत लोखंडी स्टँडची जोडी घालून आले. स्टँड ऑनलाइन मागवलेले, दिसायला देखणे, पण फार उंच आणि वरचा पत्रा अरुंद.

“यावर जुने, मोठे स्पीकर ठेवायचेत,” सर म्हणाले. “फरशीवर ठेवले की नुसते घुमतात, गाणाऱ्याचे शब्दच कळत नाहीत. वीत-दीड वीत उचलायचे आणि तोंड जरासं वर हवं. जमेल?”

कानिफनाथने दोन दिवस त्यात घातले. पाय कापून गुडघ्याखाली आणले, वर रुंद पत्रा जोडला, मागची बाजू बोटभर उतरती केली आणि सरांनी सांगितलं म्हणून पोकळ पाइपांत चाळलेली कोरडी वाळू भरली. आधी टिचकी मारली की पाइप झणझणायचा, आता नुसता ठक्क वाजला. त्याला इतकं बरं वाटलं की बायकोला, दिपालीला, हाक मारून त्याने ते दोनदा वाजवून दाखवलं.

“आपल्या स्पीकरला असं काय करता आलं नसतं का?” ती म्हणाली.

“त्यांचं मॅग्नेटच गेल्तं. कल्याण बोलला नव्हता का?”

ते स्पीकर त्याला साखर कारखान्यातल्या एका केमिस्टसाहेबांनी निवृत्त होऊन जाताना दिले होते. कानिफनाथने ते बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात ठेवले. आवाज रांजणातून आल्यासारखा यायचा. एकदा फरशी धुताना त्याने ते रंगाच्या दोन रिकाम्या ड्रमांवर ठेवले, तर आवाज एकदम मोकळा झाला. हे त्याने मोठ्या उत्साहाने कल्याणला सांगितलं. कल्याणचं बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. दोघं पाचवीपासून एका बाकावरचे, आणि आवाजातलं कल्याणला कळतं, हे कानिफनाथच साऱ्यांना सांगत फिरायचा. कल्याणने येऊन ऐकलं, मागची फळी उघडून पाहिली आणि तो हसला. “ड्रमावर ठेवून काय हुतंय? ग्राइंडरनं तुझं कान गेल्यात, कान्या. मॅग्नेट मेलंय ह्यांचं.” भंगारात घालतो म्हणून तो दोन्ही स्पीकर घेऊन गेला. त्याला वर्ष झालं.

स्टँड जागेवर बसवल्याशिवाय लेव्हल कळायची नाही, म्हणून कानिफनाथ ते घेऊन स्वतः जामखेडला गेला. सरांच्या दिवाणखान्यात स्पीकर पाठमोरे करून ठेवले होते. दोघांनी उचलून एक स्टँडवर ठेवला, मग दुसरा. कानिफनाथ लेव्हल बघायला समोर आला आणि थबकला. जाळीच्या कापडावर खालच्या कोपऱ्यात तपकिरी दोऱ्याचे सात टाके होते. घरच्या स्पीकरचं कापड फाटलं तेव्हा ते दिपालीने घातले होते.

सरांनी तबकडी लावली. कुणी बाई भैरवी गात होती. तिने श्वास घेतलेला ऐकू आला. तंबोरा वेगळा, तबला वेगळा, आणि मधोमध ती, जणू समोरच्या सतरंजीवर बसलेली.

“बघा,” सर खूश होऊन म्हणाले. “कर्जतच्या कल्याणने भेट दिले तेव्हाच सांगितलं होतं, स्पीकर ठणठणीत आहेत, फक्त फरशीवरून उचला.”

कानिफनाथने मान हलवली. उजव्या स्टँडचा पाय किंचित हलत होता, त्याखालचा स्क्रू त्याने फिरवून बसवला. चहा नको म्हणाला.

परत येताना तो घरी गेला नाही, थेट कल्याणच्या दुकानात शिरला.

“जामखेडास्नं आलोय,” तो म्हणाला. “ढवळे सरांकडं स्टँड बसवून.”

कल्याणच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. त्याने तो काउंटरवर ठेवला. “त्यांच्या संस्थेच्या शाळांचं साउंडचं काम निघणार हाय,” तो म्हणाला. “सरांना जुन्या वस्तूंचा लई नाद. तुझ्याकडं ते कोपऱ्यात पडून हुते. दुसरे आणून देतो तुला, ह्याच्याहून भारी.”

“मागितले असते तर मी दिले असते. तुला काय न्हाई म्हनलोय का कधी?” कानिफनाथचा आवाज चढला नाही. “पन मला बरोबर ऐकू आलं हुतं, कल्याण. आन तू म्हनलास, तुझं कान गेल्यात. तवापासून मी गानंच लावलं न्हाई. लावून काय उपेग, आपल्याला कळत न्हाई, असं म्हनत बसलो वरीसभर.”

कानिफनाथ पायरी उतरला.

घरी त्याने दिपालीला सगळं सांगितलं. “जाऊन स्पीकर परत मागू,” ती म्हणाली. “सरांनी काय केलंय?” एवढंच तो म्हणाला आणि जेवायला बसला, पण अर्ध्या भाकरीवर उठला.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. स्टँडचं कौतुक झालं. मग त्यांनी विचारलं, “कल्याण तुमचा जुना मित्र आहे म्हणे. आमच्या शाळांचं काम द्यायचं चाललंय. कसा आहे?”

“कामाला चांगला हाय,” कानिफनाथ म्हणाला. “कानाचा पक्का हाय.”

“आणि शब्दाचा?”

दुकानातला पोऱ्या ग्राइंडर चालवत होता. कानिफनाथने हाताने खूण करून तो बंद करायला लावला.

“सर, तेवढं मला इचारू नका,” तो म्हणाला.

सरांनी बरं म्हणून फोन ठेवला. ते काम पुढे कल्याणला मिळालं की नाही, हे कानिफनाथने कधी कुणाला विचारलं नाही.