टिपांची फाइल

शनिवारी दुपारी मी पप्पांची सगळी पुस्तकं जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर हलवली. पुस्तकं म्हणजे फाइली. बायबल अभ्यासाच्या त्यांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भाषांतराची, शब्दकोशाची, भाष्याची वेगळी फाइल असते. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये लागतात. एखादी बाहेर राहिली की ते पुस्तक प्रोग्रॅमला दिसतच नाही. पप्पांकडे अशा एकशे एकेचाळीस होत्या. सर्वांत जाड भाष्याला ते 'मोठे काका' म्हणत. पाळक म्हणून निवृत्त झाले तरी अधूनमधून उपदेश करायचे, आणि कुठं अडलं की म्हणायचे, "थांबा, काकांना विचारतो." त्यावर आई स्वयंपाकघरातून, "काकांचं बरं ऐकतात. बायकोनं सांगितलं की कान बंद."

फाइली आधी पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग नव्या लॅपटॉपवर उतरवल्या. शेवटी पडद्यावर प्रश्न आला: या नावाची एक फाइल इथं आधीच आहे, ती बदलायची की तशीच ठेवायची? प्रोग्रॅम सकाळीच टाकला होता. त्याच्याबरोबर आलेली फाइल जास्त नवी असणार, असं धरून मी ती तशीच ठेवली. काका उघडून पाहिले, नकाशे उघडून पाहिले. सगळं जागच्या जागी. मग जुना लॅपटॉप पूर्ण पुसला. तो चर्चमधल्या मंडळीच्या वाचनवर्गाला द्यायचा होता. पेन ड्राइव्ह ऑफिसचा, म्हणून तोही रिकामा केला.

चार वाजता पप्पा नव्या लॅपटॉपपुढं बसले. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते.

"अगं, मी लिहिलेल्या टिपा दिसत नाहीत."

"सगळं आणलंय मी. नीट बघा."

"काका आहेत. नकाशे आहेत. मीच नाही."

"तुम्हीच काहीतरी दाबलं असेल, पप्पा."

"असेल बाई. ही बोटं हल्ली माझं ऐकत नाहीत." त्यांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. "तेवीस वर्षांच्या होत्या गं."

तक्रारीचा सूर नव्हता. त्याच क्षणी मला पडद्यावरचा तो प्रश्न आठवला. सांगावं असं वाटलं, आणि मी म्हणाले, "उद्या येऊन बघते."

रविवारी सकाळी आईचा फोन आला. पप्पा बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत.

सोमवारी नवे पाळक घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "ताई, उद्याच्या अंत्यविधीला काय बोलायचं, ते पाळकसाहेबांनी लिहून ठेवलंय. मागच्या महिन्यात मला दाखवलंही होतं. नव्वदाव्या स्तोत्राला टीप जोडलीय. म्हणाले, तुम्ही लांबण लावाल, म्हणून मीच थोडक्यात लिहिलंय."

आई रडता रडता हसली. "अगदी तेच बोलले असणार."

मी लॅपटॉप उघडला. स्तोत्राशेजारी टिपेची खूण नव्हती. टिपांची यादी उघडली: शून्य. मग फोल्डर उघडला आणि ओळी खाली सरकवत टिपांच्या फाइलपर्यंत आले. तयार झाल्याची तारीख शनिवार, वेळ सकाळी अकरा वीस. मी पुस्तकं हलवायला लागले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

ती वेळ मी तीनदा वाचली. या फाइलमध्ये कधी काही नव्हतंच. पप्पांनी कुठलंही बटण दाबलं असतं, तरी इथून पुसण्यासारखं काही नव्हतं.

"सापडलं का?" पाळकांनी विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "कुठलं सापडतंय. यांनीच पुसलं. शनिवारी जेवणावर लक्षच नव्हतं. म्हणाले, मी सगळं घालवून बसलो. पोरीला बोलू नकोस, तिची सुट्टी माझ्यापायी गेली, वर आणखी वाईट वाटेल तिला."

"आमच्या वडिलांचंही तसंच," पाळक मऊ आवाजात म्हणाले. "एक बटण दाबतात आणि निम्मं घर गायब."

"जाऊ दे," आई म्हणाली. "गेलेल्या माणसाला काय नावं ठेवायची. वय झालं होतं."

दोघांनी त्यांना माफ करून टाकलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

"आई, पप्पांनी काही दाबलं नाही."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"त्यांच्या टिपांची फाइल मी आणलीच नाही. कोरी ठेवली, आणि भरलेली होती ती दोन्हीकडून पुसली. शनिवारी दारात उभी होते ना, तेव्हाच मला शंका आली होती. तरी मी त्यांना तसंच ठेवून निघून गेले."

पाळकांनी मान खाली घातली. आईचा हात तोंडाशी गेला. मी त्या दोघांकडे पाहिलं नाही. टेबलापाशी पप्पांची खुर्ची होती, तिच्याकडे पाहून बोलले.

"माझ्या हातून गेलं, पप्पा. तुमच्या नाही."