पेटीची खोड

मित्रांनो, मी एक जुनी कार्डिओग्रामची पेटी आहे. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे गेलं, की हातापायांना चिमटे लावून कागदावर वर-खाली जाणारी रेघ काढतात ना, ती रेघ काढणारी. आता अशी यंत्रं तळहातावर मावतात. मी मात्र लाकडी खोक्यात बसवलेली, पितळी कडीची, आणि उचलताना माणसाने एकदा 'हुश्श' म्हणावं अशी आहे. मला तोंडावर कुणी जड म्हटलेलं खपत नाही, पण खरं ते खरं.

माझा जन्म १९७४ सालचा. कारखान्यातून मी थेट लालबागच्या एका गल्लीत आले, डॉक्टर रमाकांत विजयकरांच्या दवाखान्यात. डॉक्टर राहायचे शिवाजी पार्कला, पण त्यांचे रोगी सगळे गिरणगावातले. त्या गल्लीत तेव्हा अशी पेटी दुसरी नव्हती. लोक नुसते मला बघायला यायचे. सुंदराबाई नावाच्या एका आजींनी तर चिमटे लावून घेताना हळूच विचारलं होतं, "डाक्टर, सुनेबद्दल माझ्या मनात काय हाय, ते यात उमटणार नाय ना?" डॉक्टर म्हणाले, "उमटलं तरी मी वाचणार नाही." आजी निश्चिंत झोपल्या आणि त्यांची रेघ छान आली.

असे माझे कौतुकाचे दिवस चालले होते. मग १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. आधी दवाखान्यात खोकणारी माणसं यायची, श्वासातून कापूस गेलेली. आता 'छाती धडधडते' म्हणणारी येऊ लागली. मी रेघ काढायचे, ती ठीकच यायची. धडधड काळजीची होती, आणि काळजी मला काढता येत नाही. तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटायची.

त्याच दिवसांत बुधाजी आले. ते मालवणकडचे. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, ते जॉबर होते. माग बिघडला की विणकर हात वर करायचा, कारण त्या आवाजात हाक ऐकू जात नसे. बुधाजी येऊन मागाच्या लोखंडावर तळहात ठेवायचे आणि थरथरीवरून बिघाड ओळखायचे. माझ्याजवळच्या बाकावर ते आडवे झाले, डॉक्टरांनी मला चालू केलं, तर गृहस्थांनी चिमटा लावलेला हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला.

"डाक्टर, माझं ऱ्हाऊ दे. हिचा पट्टा घसरतोय. कागद झटके देत सरकतो, बघा."

डॉक्टरांनी पाहिलं, तर खरंच. बुधाजींनी तिथल्या तिथे माझा पट्टा ताणून दिला. आठ वर्षांत माझ्या पाठीवर असा हात कुणी ठेवला नव्हता. कंपनीचा माणूस वर्षातून एकदा यायचा, दहा मिनिटं बसायचा, चहा प्यायचा आणि 'ठीक आहे' असं लिहून जायचा. बुधाजी आता दर सोमवारी येऊ लागले. गिरणी बंद होती, हातांना काम हवं होतं. पण माझ्या विजेच्या भागाला ते कधी शिवले नाहीत. म्हणायचे, "चाकं कळतात मला. विजेतलं नि काळजातलं कळत नाय."

त्या वर्षीची खंडेनवमी आली. या दिवशी गिरणीत मागांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, कुंकू, नारळ, सगळं थाटात. आता फाटकाला कुलूप होतं. बुधाजी सकाळीच दवाखान्यात आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला चार वर्षांची मुलगी, बकुळा.

"डाक्टर, वीस वर्षांत खंडेनवमीला मशीनची पूजा माझ्या हातून चुकली नाय. यंदा माझ्याकडे मशीनच नाय. तुमची पूजली तर चालेल?"

"चालेल काय बुधाजी, तिलाही बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले.

बरं? मी तर फुगून गेले! मला तोवर कुणी देव केलं नव्हतं. बुधाजींनी माळ घातली. मग कुंकू कुठे लावावं याचा विचार केला. मागाला ते चालत्या भागांवर लावायचे. माझे चालते भाग कुठले? हातापायांच्या तारा जिथे पेटीत शिरतात, ती चार भोकं त्यांना महत्त्वाची वाटली. नारळाच्या पाण्यात कुंकू कालवून त्यांनी चारही ठिकाणी अंगठा टेकला आणि डोळे मिटले. बकुळाने आपलेही हात जोडले. मागाच्या बिडाच्या लोखंडाला अशा पाण्याने काही होत नाही. मी बिडाची नाही, हे त्या भल्या माणसाच्या लक्षात आलं नाही, आणि डॉक्टरांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरने मला पुसून काढलं. तीन भोकं स्वच्छ झाली. डाव्या पायाच्या तारेच्या भोकात मात्र ओलं कुंकू आत उतरलं होतं, ते तिथेच राहिलं. हळूहळू तिथे गंज धरला. मग डाव्या पायाची तार लावून रेघ काढली, की प्रत्येक ठोक्यानंतर ती जराशी खाली बसू लागली. कुणीही झोपा, खाली बसणारच. डॉक्टर सुरुवातीला गोंधळले. कंपनीचा माणूस म्हणाला, "आता वय झालं हिचं." मग डॉक्टरांनाही सवय झाली. तिथे रेघ बसलेली दिसली, की ते कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे, 'पेटीची खोड'. मला वाईट वाटायचं, पण मी काय बोलणार? मला रेघेशिवाय दुसरी भाषा येत नाही.

संप कधी मिटला, हे कुणी नीट सांगू शकलं नाही. बुधाजींची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. काही वर्षांनी त्यांचे माग घणाने फोडून भंगारात गेले. बुधाजी करी रोडच्या पुलावर उभे राहून भरलेल्या लॉऱ्या बघत होते म्हणे. त्या दिवशी सोमवार होता, पण ते माझ्याकडे आले नाहीत. पुढे ते एका कचेरीत पहारेकरी झाले. त्यांची बायको सुभद्राबाई घरी खानावळ चालवायची. घरात पंधरा-वीस माणसं जेवायला असत, म्हणून बकुळा अभ्यासाला दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायची. पोरगी चौकस. माझी सुई तापते कशी, कागद काळा होतो कसा, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडायची. डॉक्टर म्हणायचे, "मला रेघ वाचता येते गं. पेटीच्या पोटातलं मला काय ठाऊक?"

१९९६ साली बकुळा बारावी झाली. गुण उत्तम पडले. उपनगरातल्या एका कॉलेजात तिला जागा मिळत होती, पण ज्या डिग्रीसाठी मिळत होती तिचं नावच चाळीत कुणी ऐकलं नव्हतं. बायोमेडिकल इंजिनिअरिंग. सोमवारपर्यंत अर्जावर वडिलांची सही होऊन तो जायला हवा होता. शनिवारी दुपारी माझ्यासमोरच त्या घराचं भांडण झालं, कारण सुभद्राबाई नवऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन आल्या होत्या.

"बायो म्हंजे काय नि मेडिकल म्हंजे काय, माका सांग तरी," बुधाजी म्हणाले.

"शरीरासाठी लागणारी यंत्रं, आप्पा. बनवायची, तपासायची, सुधारायची. ही पेटी आहे ना, ही पुढे खिशात मावेल. गावच्या आजीची रेघ इथे परळला बसून डॉक्टरांना दिसेल."

"म्हंजे मशीनच ना?"

"हो."

"मग नाय." बुधाजींचा आवाज चढला. "मशीनवर हात ठेवून मी पोट भरलं गो. त्या मशिनी माझ्यादेखत फोडल्या. मशीनचो भरवसो नाय. बी.कॉम. कर, बँकेत खुर्चीवर बस."

"तिला खुर्ची नको असेल तर?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"खुर्ची कोणाला नको असते?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "बुधाजी, या डिग्रीचं मलाही नीट ठाऊक नाही. पुढे काय होईल, हे मी छातीठोक सांगू शकत नाही." बकुळाचा चेहरा उतरला. मला डॉक्टरांचा तेव्हा राग आला होता, पण आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

माझंही त्याच आठवड्यात ठरलं होतं. डॉक्टरांनी नवीन यंत्र घेतलं होतं, सोमवारी ते येणार होतं आणि मी भंगारात जाणार होते. बुधाजींच्या मागांच्या मागोमाग, म्हणा ना. जाताना बकुळाने विचारलं, "डॉक्टरकाका, देऊनच टाकणार आहात, तर मी एकदा उघडून बघू?" डॉक्टरांनी परवानगी दिली.

रविवारी सकाळी तिने माझे स्क्रू काढले. मला मेलं फार अवघडल्यासारखं झालं. एकेक भोक ती टॉर्चने बघत गेली आणि डाव्या पायाच्या भोकाशी थांबली. आत हिरवा गंज होता आणि गंजाखाली काहीतरी लाल. तिने काडीने ते कोरून काढलं, बोटावर घेतलं, वास घेतला.

"काका, हे कुंकू आहे!"

डॉक्टरांना आठवलं आणि ते खो खो हसले. बकुळाने स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने ती जागा लख्ख केली. मग स्वतः बाकावर झोपली. रेघ काढली, ती खाली बसली नाही. डॉक्टर झोपले, त्यांचीही नाही. चौदा वर्षांनी माझी खोड गेली होती. मित्रांनो, मला रडू येण्याची सोय असती, तर मी कागद भिजवला असता.

तेवढ्यात बुधाजी तिला जेवायला बोलवायला आले. मुलीशी अजून धड बोलत नव्हते, पण माझं उघडं पोट पाहून जॉबर जागा झाला. कुंकवाची गोष्ट कळल्यावर ते ओशाळले. म्हणाले, "माझ्याच अंगठ्याचं पाप. काढा माझी पण रेघ, बघू खोड गेली काय." आणि झोपले.

रेघ खाली बसली.

बकुळाला वाटलं, घाण राहिली. तिने पुन्हा पुसलं. पुन्हा बसली. तिने ती तारच काढून दुसरी लावली. तरी बसली. मग ती स्वतः झोपली, तर रेघ स्वच्छ. परत आप्पा झोपले, तर खाली. ती हळूच म्हणाली, "काका, हे पेटीचं नाही."

डॉक्टरांनी कपाटातून बुधाजींचे जुने कागद काढले. गेल्या चार वर्षांत तीनदा रेघ काढली होती. प्रत्येक वेळी ती इतरांपेक्षा जास्तच खाली बसली होती, आणि प्रत्येक कागदावर डॉक्टरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पेटीची खोड'. डॉक्टरांनी विचारलं, "बुधाजी, जिना चढताना छातीत भरून येतं का?"

"येतं थोडं. वय झालं म्हटलं."

डॉक्टरांनी टॅक्सी मागवली आणि स्वतः त्यांना परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. हृदयाला रक्त नेणारी एक नळी जवळजवळ बुजली होती. आणखी थोडे दिवस गेले असते, तर निभावलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

पुढचं मी पाहिलं नाही, बकुळाने सांगितलं. सोमवारी सकाळी खाटेवरून आप्पांनी तिला जवळ बोलावलं.

"अर्ज आण."

"आता अर्ज कसला, आप्पा?"

"आण म्हणतंय ना. साच्यावर धागा तुटला की पहिलं भांडण तेच, गो. विणकर म्हणतो मागाचा दोष, मॅनेजर म्हणतो विणकराचा. खरं काय, ते जॉबर सांगायचा. डाक्टरला माणूस कळतो, मला मशीन कळते. मधे जॉबरच नव्हता. तो तू हो."

आणि त्यांनी सही केली. हाताला सुई होती, म्हणून ती सही वाकडी आली.

नवीन यंत्र दवाखान्यात आलं, पण मी भंगारात गेले नाही. बकुळाने मला मागून घेतलं. ती शिकली, यंत्रं बनवू लागली, आता तर कॉलेजात शिकवते. तिने सांगितलेलं सगळं खरं झालं. खिशात मावणारी पेटी निघाली, मनगटावरच्या घड्याळातही रेघ येते, आणि रेघ वाचायला आता कॉम्प्युटर मदत करतो म्हणे. पुढे काय काय होईल, ते तुम्हीच कराल. मी तिच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी असते. पहिल्या वर्षाची मुलं आली, की ती आधी मला उघडून दाखवते.

बुधाजी त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. दर खंडेनवमीला ते यायचे. कोरडं कुंकू, तेही फक्त लाकडी झाकणाला, असा बकुळाचा नियम होता, आणि तो ते मुकाट पाळायचे. मग बाकावर झोपून विचारायचे, "बघ, आज दोष कोणाचा?" त्यांची शेवटची रेघ तिने माझ्या झाकणाच्या आत चिकटवली आहे.

मित्रांनो, यंत्राला जपा, पुसा, ओल्या हाताने त्याचे लाड करू नका, हे तर मी सांगेनच. पण म्हातारीचं आणखी एक ऐका. एखादं यंत्र, एखादा मित्र, घरातलं एखादं माणूस जरा वाकडं वागू लागलं, तर 'त्याची खोडच आहे' असं लिहून मोकळे होऊ नका. आधी उघडून बघा, जवळ बसून विचारा. चार वर्षं एका माणसाचं दुखणं माझ्या कागदावर दिसत होतं. ते लपलेलं नव्हतं, मित्रांनो. आम्हाला सगळ्यांना त्याची सवय झाली होती.