केबिनमागची फट

"बाबा, आज अर्धीच भरू या का?"

झिग्मुंटने हे पुन्हा विचारलं, तेव्हा वालेंतीने दाताळं जमिनीत रोवलं आणि जावयाकडे वळून पाहिलं. "अर्धीच भरायची तर हातगाडी घेतली असती की! साहेब, गाडी तुमच्याच कारखान्याची ना? मग घाबरता कशाला?"

शुगरबीटचे कंद धडाधड हौद्यात पडत राहिले.

डेट्रॉइटच्या एका कंपनीत तो पिकअप ट्रकच्या बॉडीची रेखाटनं करायचा. आजवरच्या पिकअपमध्ये केबिन वेगळी आणि मागचा हौदा वेगळा, मधे चार बोटांची फट. त्या फटीत चिखल आणि गवत साचून पत्रा गंजायचा. एकोणीसशे एकसष्टच्या मॉडेलला फटच नको, केबिन आणि हौदा एकाच पत्र्यात घडवू, असं ठरलं, आणि हेडलाइटपासून शेपटीच्या दिव्यापर्यंत जाणारी ती लांबलचक रेघ झिग्मुंटच्या पेन्सिलीतून उतरली. लग्नापासून वालेंती त्याला 'पेन्सिल घासणारा' म्हणून हिणवत आला होता. त्याच वालेंतीने कामगारांच्या नातेवाइकांना मिळणाऱ्या सवलतीत ती गाडी घेतली आणि रविवारी चर्चबाहेर एकेकाला हाताला धरून ती रेघ दाखवली. "माझ्या जावयानं काढलीय."

आणि या सोमवारी कारखान्यात कळलं होतं, की ती फट उगाच नव्हती. भरलेली गाडी खड्ड्यातून गेली की चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पीळ खाते. फट होती तोवर केबिन आणि हौदा आपापले डोलायचे. आता सगळंच एकत्र पिळलं जातं, दाराची चौकट वाकडी होते आणि दारं अडकतात. साहेबाने बजावलं होतं, पुढच्या मॉडेलला बघू, बाहेर चकार शब्द नको. म्हाताऱ्याला तरी सांगायचंच, असं ठरवून झिग्मुंट शनिवारी शेतावर आला होता. पण जेवताना सासू पिएरोगी वाढता वाढता म्हणाली, "हे हल्ली सारखं तुमचंच नाव घेत असतात हो," आणि सांगायचं राहून गेलं.

शेताच्या नाल्यावरून गाडी तिरकी होऊन रस्त्याला लागली. झिग्मुंटने हळूच दाराचं हँडल ओढून पाहिलं. दार हललं नाही.

साखर कारखान्याच्या अलीकडे रेल्वेचे रूळ होते. हंगामात गाड्यांची रांग बेधडक रुळांवर उभी राहायची. आगगाडीची शिट्टी ऐकू आली की सगळे भोंगे वाजवत पुढेमागे सरकायचे, आणि कोणी अगदीच अडकला तर गाडी सोडून उडी मारायचा. इथे दारंच उघडत नाहीत, आणि दुखऱ्या कंबरेच्या म्हाताऱ्याला खिडकीतून बाहेर कसं काढायचं?

"बाबा, रुळांवर नका..."

वालेंतीने आधीच ब्रेक दाबला होता. पुढची गाडी सरकली तरी तो हलेना. मागून भोंगे सुरू झाले.

"काय रे म्हाताऱ्या, रूळ चावतात काय?" मागच्या ट्रकमधून शेजारचा ऑटो क्रेमर ओरडला.

"तुला घाई असेल तर वरून उडत जा!"

पलीकडे पुरती जागा झाल्यावरच वालेंतीने रूळ ओलांडले. झिग्मुंट त्याच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारपासून. सगळे कॉफीला उतरले, मी आपला आत. म्हटलं, रेडिओवर मॅच ऐकतोय." म्हातारा समोर बघत म्हणाला. "गाडीत रेडिओ नाही, पण बघतो कोण?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो."

तेवढ्यात कॉफीचा कप घेऊन ऑटो खिडकीशी आला. "उतर की, पाय मोकळे कर."

"नको. जावयानं सीट अशी केलीय, उठावंसं वाटत नाही."

ऑटोने पत्र्यावरून हात फिरवला. "झिग्मुंट, मलाही एक मिळवून दे ना. बीटही ओढीन आणि पोरांना शाळेतही सोडीन."

वालेंतीने जावयाचा गुडघा दाबला. गप्प बस, असं ते दाबणं होतं. झिग्मुंटने मागच्या काचेतून रूळ पाहिले. हे कंपनीच्या कानावर गेलं तर नोकरी गेलीच.

"ऑटो, घेऊ नकोस," तो म्हणाला. "भरली की दारं उघडत नाहीत. आत्ताही आम्ही आत अडकलोय. रेखाटन माझंच आहे."

ऑटोने बाहेरून हँडल ओढून पाहिलं. मग आणखी दोघं आले, त्यांनीही ओढलं. वालेंतीने काच वर चढवली आणि सगळी रांग संपेपर्यंत ती खाली घेतली नाही. म्हाताऱ्याने मंगळवारपासून आपली चूक झाकली, ती सगळी मेहनत आपण मातीत घातली, हे झिग्मुंटला कळत होतं, आणि फार वाईट वाटत होतं.

कारखान्याच्या माणसांनी बीट उपसले. गाडी हळूहळू वर उठली आणि टक् असा आवाज करत दार सुटलं.

वालेंती दुखरी कंबर धरून उतरला. केबिनमागे, जिथे फट असायची तिथे, त्याने पत्र्यावर तळवा ठेवला आणि शेपटीच्या दिव्यापर्यंत फिरवत नेला.

"रेघ मात्र सुरेख काढलीस, पोरा," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या देखत, लंगडत, घाईघाईने शेडमागच्या संडासाकडे गेला.