विकणे आहे, पण घाई नाही

मी अकॉर्डियन बोलतोय. पेटीचा भाऊ म्हणा हवं तर. फरक एवढाच, की पेटी पुढ्यात बसते आणि मी थेट गळ्यात पडतो. लोचटपणा माझ्या घडणीतच आहे.

एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. पोटात पोलादाच्या दोनशेच्या वर बारीक जिभा बसवल्या. इतक्या जिभा असलेल्याला गप्प बसवणं ही केवढी शिक्षा, तुम्हीच सांगा! माझा पहिला मालक बोटीवरचा स्वयंपाकी. भांडी घासून झाली की तो मला गळ्यात घ्यायचा. हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं मला विकलं आणि मी आताच्या मालकिणीकडे आलो.

ती दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देते. पहिला आठवडा नुसतं कौतुक. दुसऱ्या आठवड्यात 'आज डोळे दुखतायत', तिसऱ्यात 'उद्या नक्की'. दिवसभर इवलेइवले दात कोरून तिची बोटं आंबायची. घरी येऊन पुन्हा माझी बत्तीशी बघणं जिवावर यायचं. मी कपाटावर गेलो, तो तीन वर्षं तिथेच.

शेवटी तिचा नवरा वैतागला. "एक तर वाजव, नाहीतर वीक. मागची बॅग काढायची तर दर वेळी मला याला मिठी मारावी लागते."

"विकते," ती म्हणाली आणि खालच्या किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावून आली : अकॉर्डियन विकणे आहे. चालू स्थितीत.

पहिल्या आल्या शाळेतल्या संगीताच्या बाई. "चालू म्हणता, तर वाजवून दाखवा की."

मालकिणीनं मला गळ्यात घेतलं, भाता ओढला आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला.

"अगं बाई! याला दमा आहे का?"

दमा? मला? माझा भाता ठणठणीत होता, अडखळत होती तिची बोटं. पण नाव माझं खराब झालं. बाई गेल्या आणि मालकिणीचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी ती मला घेऊन बसली.

"हे काय नवीन?" नवऱ्यानं विचारलं.

"माल दाखवायचा तर नीट दाखवता यायला नको?"

आठ-दहा दिवसांनी बेकरीवाला आला. तोवर तिनं एका नाचाच्या चालीचा अर्धा भाग बसवला होता. बेकरीवाल्याचा पाय ठेका धरू लागला, आणि चाल थांबली.

"पुढचं?"

"पुढचं येत नाही."

"मग किंमतही अर्धीच!" तो खो खो हसला. "पुढचं बसलं की कळवा, मग बघू."

ती अशी चिडली म्हणता! रोज चहाचा कप ठेवला की मला उचलायची. मी सुखात होतो, पण माझी पंचाईत बघा : ती जितकी छान वाजवणार, तितका मी लवकर विकला जाणार. मन लावून वाजावं, की मुद्दाम बेसूर व्हावं?

मग एका रविवारी एक टापटीप गृहस्थ आले. तिनं अख्खी चाल वाजवली, कुठेही न अडखळता. मी घाबरून एक पट्टी अडकवली. पीं... एकच सूर, थांबायचं नाव नाही.

गृहस्थ खिशातला टेप काढून माझी लांबी मोजत होते. "आवाजाचं काय करायचंय? शोभेला हवंय. फळीवर बरोब्बर बसेल." त्यांनी पैसे काढले. नवऱ्यानं हात पुढे केला. माझा तर भाताच बसला.

मालकिणीनं अडकलेली पट्टी नखानं हळूच वर काढली. मला आणखी जवळ ओढलं आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. याला वाळवी लागलीय."

गृहस्थ दोन पावलं मागे सरले, बाह्या झटकल्या आणि बूट हातात घेऊनच जिना उतरले.

"वाळवी? कधी लागली?" नवरा म्हणाला.

"आत्ताच."

त्यानं पुढे केलेला हात खिशात घातला. मग हसू दाबत म्हणाला, "काढून टाकू का ती चिठ्ठी?"

"राहू द्या हो. कोणी येणार म्हटलं की माझी बोटं हलतात. नुसतं स्वतःसाठी म्हटलं, की उद्यावर जातं."

वाळवीचा आळ मी पोटात घातला. हल्ली मी कपाटावर नसतो, खुर्चीवर असतो. चिठ्ठी अजून फळ्यावर आहे. किंमत तेवढी दर महिन्याला वाढते. एखाद्या रविवारी तुम्हीही या. चहा मिळेल. नाक मुरडा, खोट काढा, हवी तेवढी घासाघीस करा. फक्त पाकीट घरी ठेवून या. आणि वादन फारच आवडलं, तर कृपा करून तोंडावर सांगू नका. कौतुक झालं की ती आठवडाभर सुट्टी घेते.