पिंजऱ्यातली ताजी हेरिंग

पिंजरा होडीच्या काठावर आला, तेव्हा आत शेवंड आहे की नाही, इकडे थर्लोची नजर गेलीच नाही. ती आमिषाच्या पिशवीवर खिळली. पिशवीत हेरिंग होती, पण ती त्याची नव्हती.

त्याची हेरिंग पिंपात मिठाखाली मुरलेली, तपकिरी, मऊ पडलेली. ही लखलखत होती आणि तिचा वरचा ओठ फाटलेला होता. जाळ्यात अडकलेल्या मासळीचे कल्ले सोलवटतात. ओठ फाटतो तो गळाने. म्हणजे कुणीतरी स्वतः गळाने धरलेली हेरिंग थर्लोच्या पिंजऱ्यात घातली होती. घालायची तर आधी पिंजरा वर ओढायला हवा, दार उघडायला हवं. आणि दुसऱ्याच्या पिंजऱ्याचं दार उघडणारा माणूस आतलं शेवंड तसंच ठेवून जातो, असं थर्लोने जन्मात ऐकलं नव्हतं.

टार कोव्ह गावातले बाकी सगळे कोळी आमिष ट्रकवाल्याकडून विकत घेत. सकाळी उपसागरात जाऊन दोरीने हेरिंग काढणारे दोघेच उरले होते. एक थर्लो, दुसरा मर्ल.

मर्ल त्याच्या बरोबरीचा, शेजारचा, एकाच शाळेतून एकाच दिवशी पळालेला. थर्लोने ती फाटक्या ओठाची हेरिंग उलटसुलट करून पाहिली. चोर वर आमिष कशाला भरील? पण त्यालाही उत्तर होतं. आमिष भरलेलं दिसलं की मालकाला वाटतं, शेवंड आलंच नाही. यंदा त्याचे पिंजरे रिकामे का निघत होते, ते आता त्याला समजलं.

त्याने मासा हुंगायला नाकाजवळ नेला आणि मग स्वतःवरच चिडून पाण्यात फेकला.

हिवाळ्यातल्या तापात त्याचं नाक गेलं होतं. कॉफी म्हणजे गरम पाणी, तळलेला मासा म्हणजे गरम कापूस. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला, अल्मीडाला, तर मुळीच नाही. पेट्रोलच्या होडीवरचा पहिला धडा असा, की इंजिन सुरू करण्याआधी फळी उचलायची आणि तळाशी नाक घालायचं. पेट्रोल झिरपलं असेल तर त्याची वाफ तळात साचून राहते. मग एक ठिणगी पुरते. अल्मीडाचा थोरला भाऊ तसाच गेला होता, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. बायकोला नाकाचं कळलं तर ती त्याच दिवशी चावी काढून घेईल, आणि मग आपण खिडकीतल्या खुर्चीत, हे थर्लोला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो रोज फळी उचलून वाके, मोठा श्वास घेतल्याचं नाटक करी आणि डोळे मिटून चावी फिरवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुद्दाम मर्लच्या होडीशेजारी जाऊन थांबला. पाणी सपाट होतं. मर्लने दोरी सोडली होती. तिला एकाखाली एक बारीक गळ, प्रत्येक गळाला चमकीचा तुकडा, टोकाला शिसं. दोरी तळापर्यंत सोडायची, मग मनगटाने झटके देत वर आणायची. हेरिंगला चमकी म्हणजे खाऊ वाटतो.

"आज उशीर झाला रे," मर्ल म्हणाला. "बायकोने पाय चेपायला बसवलं होतं काय?"

"तू लवकर येतोस. हल्ली फार लवकर येतोस."

"म्हाताऱ्याला झोप कुठली!" मर्लने दोरीला झटका दिला. मग मान वर करून नाक वाऱ्यावर धरलं. "वास आला?"

हेरिंगचा थवा वर यायला लागला की पाण्यावर तेलाचा तवंग धरतो. जुन्या लोकांना तो आधी नाकाने कळतो.

"केव्हाचा," थर्लो म्हणाला.

"कसला?"

"हेरिंगचा. दुसरा कसला असणार? धक्क्यावरूनच येत होता."

मर्लने दोरी सावकाश वर घेतली. सगळे गळ रिकामे होते. "मला तर काहीच येत नाहीये," तो म्हणाला आणि थर्लोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

थर्लोच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. याने आपल्याला फसवून बघितलं. याला नाकाचा संशय आहे. म्हणजे पिंजरे लुटतो ते लुटतो, आणि आपण ओरडलो तर हा अल्मीडाकडे जाऊन तोंड उघडेल. केवढी सोय केलीय लेकाने!

पुढे थोड्या वेळाने थवा खरंच आला. दोघांच्याही दोऱ्या मण्यांच्या माळेसारख्या भरून वर आल्या, मासे टोपल्यात तडतडले. एरवी अशा वेळी दोघं एकमेकांना शिव्या देत हसत. आज थर्लोने मर्लकडे पाठ करून टोपली भरली.

परतताना थर्लोने मर्लच्या पिंजऱ्यांवर तरंगणारे, त्याच्या रंगाचे हिरवे बोये गाठले आणि पहिल्या तीन बोयांच्या दांडीवर दोरीच्या दोन-दोन गाठी आवळल्या. टार कोव्हमध्ये याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. तू दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावलास, आम्हाला कळलंय. यानंतर गाठ नाही, सुरी. दोरी कापली की पिंजरा तळाशी गेला, आणि ज्याचे पिंजरे असे गेले त्याच्याशी धक्क्यावर पुन्हा कुणी बोलत नाही.

गाठी दिसल्यावर माणूस एक तर त्या सोडून भांडायला येतो, नाहीतर चोरी थांबवतो. मर्लने दोन्ही केलं नाही. गाठी तशाच राहिल्या आणि थर्लोच्या पिंजऱ्यात फाटक्या ओठाच्या हेरिंग येत राहिल्या.

त्यात अल्मीडा. तिला धक्क्याचा कंटाळा. भाऊ गेल्यापासून ती तिकडे फिरकत नसे. वसंत लागल्यापासून मात्र रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन थर्लोच्या आधी तिथे हजर. होडीत उतरे, डबा इंजिनाशेजारी ठेवायला वाके, आणि चढून घरी जाई. डबा तो इतकी वर्षं स्वतःच नेत होता. एका सकाळी तो पोचला तेव्हा ती मर्लशी हळू आवाजात बोलत होती. त्याला पाहताच दोघं गप्प झाली.

"काय चाललंय?" थर्लोने विचारलं.

"पावाचं पीठ फुगत नाही म्हणून विचारत होते," अल्मीडा म्हणाली.

"मर्लला?"

"तो एकटा राहतो. पाव करतो."

मर्लने कधी पाव केला असेल तर तो धक्क्याखालच्या माशांनीच खाल्ला असेल, असं थर्लोला वाटलं. त्या रात्री त्याने सुरीला धार लावली.

सकाळी धुकं होतं. उपसागराकडे जातो असं सांगून तो खडकाआड गेला, इंजिन बंद करून थांबला. थोड्याच वेळात मर्लची होडी आली. मर्लने थर्लोचा पिवळा बोया उचलला आणि पिंजरा ओढायला लागला, अगदी आपलाच असल्यासारखा.

थर्लो वल्हवत पुढे झाला. सुरी हातातच होती.

"आलास?" मर्ल म्हणाला. "मला वाटलं, आणखी आठवडा घेशील."

"पिंजरा माझा आहे."

"रंग दिसतो मला."

"माझ्या शेवंडांचं काय केलंस?"

"कुठली शेवंडं?" मर्लने पिंजरा काठावर टेकवून त्याच्याकडे वळवला. आत खेकडासुद्धा नव्हता. "तुझं आमिष सडलंय, थर्लो. पिंप तळापासून सडलंय आणि तू रोज त्याच्यावर ताजी हेरिंग ओततोस. धक्क्यावर लोक वाऱ्याची दिशा बघून तुझ्याशी बोलायला येतात. दूरच्या पिंजऱ्यांत मी ताजी घातली, तिथे आताशी कुठे एखाददुसरं यायला लागलंय."

थर्लोने रिकाम्या पिंजऱ्यात वाकून पाहिलं.

"मग तोंडाने सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगणारच होतो. अल्मीडाने शपथ घातली. म्हणाली, त्याला कळलं की मला कळलंय, तर चावी टेबलावर ठेवून खुर्चीत बसेल. त्याचा बाप बसला तसा. उन्हाळासुद्धा काढला नाही त्याने."

"तिला कोणी सांगितलं? तू?"

"कॉफीत साखरेऐवजी मीठ पडलं, तू पिऊन उठलास. चव तर गेलीच, पण दूध उतू जाऊन करपलं तरी तू तिथेच पेपर वाचत बसला होतास. तिला सांगावं लागतं होय?" मर्लने पिशवीत हेरिंग कोंबली. "आणि डबा ठेवायला ती का येते, असं वाटतं तुला? प्रेम उतू चाललंय?"

इंजिनाशेजारी वाकलेली तिची पाठ थर्लोच्या डोळ्यांपुढे आली. भावाच्या होडीनंतर एकाही होडीत पाय न ठेवलेली बाई.

मर्लचा हिरवा बोया जवळच डुलत होता. थर्लोने सुरी म्यान केली आणि दांडीवरच्या गाठी सोडायला हात घातला.

"राहू दे," मर्ल म्हणाला. "पिंजरा तर मी ओढलाच आहे. हंगामभर राहू दे."

"गप बस." एक गाठ सुटली. दुसरी पाण्याने फुगून आवळली होती, तिच्यापुढे थर्लोची नखं हरली.

पुढच्या सकाळी अल्मीडा डबा घेऊन आली, तेव्हा थर्लोने स्वतःच इंजिनावरची फळी उचलली आणि बाजूला सरकला. "बघ," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग डबा बाजूला ठेवला. गुडघे टेकून खाली वाकली, बराच वेळ वाकून राहिली.

"थांब," ती म्हणाली. "वास येतोय."

"किती?"

"येतोय म्हटलं ना. फळी उघडी राहू दे."

थर्लोने आकाशाकडे पाहिलं. वारा आग्नेयेचा होता, ढग खाली उतरले होते. असा वारा अल्मीडाला कधीच आवडला नव्हता. अशा दिवशी ती काहीतरी काढून त्याला अडवायचीच. तो स्वतः खाली वाकला, छाती फुटेल इतका श्वास ओढला. काही नाही. थंड हवा, बस्स. तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नव्हतं.

"वारा बघून सांगतेयस," तो म्हणाला.

"असेलही," अल्मीडा म्हणाली.

त्याने फळी उघडीच ठेवली. पलीकडे मर्लची होडी धक्का सोडून निघाली. मर्लने हात केला, थर्लोने केला नाही. मग त्याने चावी काढली, अल्मीडाच्या एप्रनच्या खिशात टाकली आणि दोघं वर चढल्यावर तिच्याशेजारी धक्क्याच्या काठावर बसून, सकाळच असली तरी, डबा उघडला.