एकतीस कपाळं

देशापुढे घर दुय्यम असतं, आणि हे सणासुदीलाच सिद्ध करावं लागतं. सार्जंट तेओडुलो मागबानुआ सलग पाच नाताळ ते सिद्ध करत आला होता. दर वर्षी डिसेंबर ज्या पाळीत येतो, त्या पाळीला या बेटावरच्या चौकीसाठी तो स्वतःहून नाव द्यायचा. मुख्यालयाने त्याला प्रशस्तिपत्रही दिलं. त्यात एकतीस धर्मलेकरांचा उल्लेख नव्हता.

गावात कुणाचं मूल बाप्तिस्म्याला निघालं की धर्मबाप म्हणून सार्जंटचं नाव पुढे यायचं. वर्दीतला माणूस, शिवाय नाही म्हणायला लाजणारा. नाताळच्या दिवशी ही लेकरं नवे कपडे घालून धर्मबापाच्या दारात भेटवस्तूसाठी उभी राहतात. आमच्याकडे त्या दिवशी भल्याभल्यांना परगावी काम निघतं. सार्जंटला त्यासाठी अख्खा समुद्र मिळाला होता.

यंदा मात्र पंचाईत झाली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली होती, तिन्तिन. तो निघाला तेव्हा ती रांगत होती. नोव्हेंबरात ती चालायला लागल्याचं त्याच्या बायकोने, मेर्सीने, कळवलं. तेव्हापासून हा रजेचे अर्ज करत होता आणि साहेब त्याचं प्रशस्तिपत्र त्यालाच वाचून दाखवत होते.

उरला व्हिडिओ कॉल. बेटावर इंटरनेट उपग्रहाचं, माणशी दहा मिनिटं. वायरलेस माझ्याकडे, म्हणून घड्याळही माझ्याकडे. नाताळच्या दुपारी गोड स्पॅगेटी आणि डब्यातलं हॅम उरकून सार्जंट दाढी करून फोनपुढे बसला. लेकीला चालताना बघायचं, बाकी काही बोलायचं नाही, असं त्याने आम्हाला तीनदा बजावलं.

पडद्यावर मेर्सी आली आणि तिच्यामागे अंगणभर रांग. भेटवस्तू नाही तर निदान आशीर्वाद तरी घेऊन या, असं सांगून आयांनी पोरांना पाठवलं होतं. मोठ्यांचा हात कपाळाला टेकवायचा, ही आमची रीत. हात नव्हता, म्हणून पहिल्या पोराने फोनच कपाळाला टेकवला. पडदा काळा झाला.

"देव तुझं भलं करो, बाळा," सार्जंट अंधाराला म्हणाला.

पोरगं बाजूला झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "मेर्सी, आधी तिन्तिनला आण ना."

"दारी आलेल्या लेकरांना ताटकळत ठेवू? लोक काय म्हणतील? घरचं माणूस शेवटी."

सार्जंटने पुढच्या अंधाराला आशीर्वाद दिला. दहा मिनिटांत तेरा कपाळं झाली. मी वेळ संपल्याचं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, हुकूम मात्र केला नाही.

"माझी दहा घ्या, सार्ज," स्वयंपाकी उगाल्दे म्हणाला. "छप्पर गळतंय, एवढंच बायको सांगणार. ते मला फोन न करताही माहीत आहे."

तीही संपली. तेव्हा पांगानिबान नावाच्या शिपायाने आपली दिली. त्याची आई म्हणे फोन कानाला लावून शेजारणीशीच बोलत बसते. "मला बत्तिसावा धरा," तो म्हणाला, "पण कपाळ टेकवणार नाही. तुमच्या हाताला हॅमचा वास येतोय."

पंचविसाव्या मिनिटाला एकतिसावं कपाळ आटोपलं. मेर्सीने फोन स्टुलावर ठेवला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन तिन्तिनचे हात सोडले. ती डुलली, मटकन बसली, पुन्हा उठली. सार्जंट कवायतीच्या आवाजात पावलं मोजू लागला. चारपर्यंत आवाज खणखणीत होता. पाचला फुटला. आम्ही सगळे समुद्राकडे बघू लागलो.

ती फोनपाशी पोचली आणि एकतीस जणांनी केलं तेच तिने केलं. पडदा काळा झाला. तिला बाजूला घ्या, असं इकडून कुणीच म्हणालं नाही. उरलेली तीन मिनिटं सार्जंट त्या अंधाराकडे बघत बसला.

"कपाळ मोठं आहे," शेवटी तो म्हणाला. "माझ्यावर गेलंय."

तीन जानेवारीच्या बोटीने तांदूळ, डिझेल आणि मुख्यालयाचं परिपत्रक आलं. त्यानुसार नाताळच्या दिवशी कॉलला वेळेची मर्यादा नव्हती.