दोन तांड्यांचा सर्व्हर

२०२३ साली माझी नात बबिता नांदायला गेली. त्याच्या जरा आधी वरच्या आणि खालच्या तांड्याने मिळून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. तो सर्व्हर म्हणून मंदिरामागच्या खोलीत ठेवायचा, आपली गाणी त्यात भरायची आणि ज्याने त्याने मोबाइलवर ऐकायची, असं ठरलं.

पण त्यात लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, कोणतं टाकायचं? लिनक्सचे प्रकार कपाशीच्या वाणांसारखे पुष्कळ. खालच्या तांड्यातला ओम म्हणाला, "डेबियन. दमानं चालते, पण दगा देत नाही."

वरच्या तांड्यातला बबलू हसला. "म्हातारा बैल हाय तो! फेडोरा टाका, नवं हाय."

मग नसाब बसली, म्हणजे आमची पंचायत. नायक बाबूसिंगला कोणालाच दुखवायचं नव्हतं. विहिरीच्या पाण्याची वाटतो तशी त्याने पाळी वाटली. पहिलं वर्ष ओमचं, दुसरं बबलूचं.

बबिता निघाली तेव्हा माझी बायको जमनी तिच्या गळ्यात पडून ढावलो गायली. नवरी निघताना आमच्या बाया हे गाणं रडत गातात. सबंध ढावलो आता एकट्या जमनीलाच येत होता. ओमने तो मोबाइलवर घेऊन सर्व्हरवर ठेवला आणि जागा नाही म्हणून मोबाइलमधला पुसून टाकला.

वर्ष सरलं. बबलूने आपल्या पाळीत फेडोरा टाकलं. ते टाकताना डिस्क कोरी झाली.

"कॉपी नाही काढली काय बे?" बबलू ओरडला.

"पाळी तुही होती. मले इचारलं काय?" ओम म्हणाला.

नसाब पुन्हा बसली. चूक कोणत्या तांड्याची, यावरच दिवस गेला. ढावल्याचं नाव कोणी काढलं नाही.

शेवटी दोघं जमनीकडे आले. "याडी, परत म्हण ना." याडी म्हणजे आई.

"नवरी कुठं हाय? कोनाच्या गळ्यात पडू, त्या डब्याच्या?" ती बबलूला म्हणाली. "तुह्या बहिणीचं लगन हाय ना दिवाळीनंतर? तवा म्हणीन."

बबलूच्या बहिणीचं लग्न झालं. ती निघाली तेव्हा बाया नुसत्याच रडल्या. सर्व्हर चालू आहे. यंदा ओमची पाळी आहे.

माझी बायको जमनी २ सप्टेंबर २०२४ रोजी, पोळ्याच्या दिवशी, वारली.